मागची लाट रिकामी आहे

ड्रायव्हरसाहेबांना निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं, तरी घरातून निघताना ते दारात थबकून आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे बघत आणि मगच जिन्याकडे वळत. जिन्यात कुणी नसे. पण जन्मभर शहराची बस चालवलेल्या माणसाला मोकळा जिनासुद्धा संशयास्पद वाटतो. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा घाईघाईने वर येत होत्या, तर यांनी कडेला होऊन, हात बाहेर काढून, त्यांना पुढे जायची खूण केली होती.

त्यांची बायको कंडक्टर. त्याच बसवर. ओळख बसवर झाली, लग्न त्यानंतर, आणि लग्नानंतर डेपोने ही जोडी कधी फोडली नाही. यात डेपोच्या मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता. कंडक्टरबाईंच्या तोंडापुढे दुसरा ड्रायव्हर टिकत नसे आणि ड्रायव्हरसाहेबांच्या सावकाशीपुढे दुसरा कंडक्टर. दोन तक्रारी एकाच गाडीवर घातल्या की वरच्या साहेब लोकांच्या डोक्याचा ताप निम्मा होतो.

गाडीवर ही जोडी कशी असायची, तेही ऐका. साहेब पुढे, काचेआड, रस्त्याकडे तोंड करून. बाई मागे, गर्दीत, दोन्ही हात तिकिटांत गुंतलेले, कशालाही न धरता उभ्या. साहेबांना बाई दिसायच्या त्या डोक्यावरच्या आरशात, तळहाताएवढ्या. बाईंना साहेब दिसायचे म्हणजे एक मान आणि एक कॉलर. बोलणं चालायचं घंटीच्या दोरीवर. सिंगल वाजली की थांबा, डबल वाजली की चला. बाई वाजवणार, साहेब ऐकणार. बाईंची डबल झाल्याशिवाय साहेबांनी गाडी तसूभर हलवली नाही, मग मागे हॉर्नचा कितीही कल्लोळ होवो. या दोन आवाजांवर त्यांचा अख्खा संसार बिनबोभाट पार पडला होता.

आणि मग दोघं एकाच महिन्यात निवृत्त झाली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसली.

ही गोष्ट त्यांना कुणी शिकवली नव्हती. इतक्या जवळून, इतका वेळ, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं म्हणजे काय करायचं? साहेब चहाच्या कपात बघत. बाई साहेबांच्या मागच्या भिंतीकडे बघत. 'साखर?' 'हं.' 'संपला?' 'हं.' दुपारपर्यंत एवढंच. घर दोन खोल्यांचं, मधला बोळ अरुंद. तिथे समोरासमोर आली की दोघंही मागे सरत आणि कुणीच पुढे येत नसे. शेवटी बाई सवयीने ओरडत, "पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा आहे!" आणि साहेब मान खाली घालून पुढे सरकत. दिवसातलं सगळ्यात मोठं वाक्य हेच.

म्हणून साहेब सकाळी उठून समुद्रावर जाऊन बसत. त्यांच्या बसचा शेवटचा थांबा समुद्राला लागून होता. प्रत्येक फेरीनंतर बाई कंट्रोलच्या खोलीत भांडायला जात, तेवढ्या वेळात साहेब चहाचा ग्लास घेऊन किनाऱ्याच्या कठड्यावर बसत आणि लाटा बघत. अख्खी नोकरीभर बघत राहिले. ड्रायव्हरची नजर ती, नुसतं बघणार थोडंच? समोरून काय येतंय, किती वेगात येतंय, कुठे वळणार, कुठे अडणार, हे पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की लाटासुद्धा बससारख्याच येतात. बराच वेळ एक नाही, आणि मग तीन-चार एकामागोमाग एक. त्या तीन-चारांतली पहिली घाईघाईत असते, आणि मागच्या एक-दोन मोठ्या, ऐसपैस असतात.

एवढं कळल्यावर साहेबांना वाटलं, आपल्याला सगळंच कळलं. ते तसं नव्हतं. समुद्रावर सर्फिंग शिकवणारी एक मुलगी होती. उन्हाला औषध म्हणून नाकावर कायम पांढरं मलम थापलेलं, त्यामुळे सगळे तिला पांढरं नाक म्हणत. साहेबांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "मोठी लाट आली की लहानीने वाट द्यायची, हा नियम."

"काका, लहानमोठं जाऊ दे," ती म्हणाली. "उतार बघा. लाट कुठल्या टोकाला आधी फुटते आणि फुटणं कुठल्या बाजूला सरकत जातं, ते बघा. फळी घेऊन त्या सरकत्या कडेच्या पुढे राहायचं, एवढाच खेळ आहे. आणि जी लाट सगळीकडे एकदम कोसळते, तिच्यावर कुणी जायचंच नाही. तिथे जायला जागाच नसते."

"म्हणजे चक्का जाम," साहेब म्हणाले.

पांढरं नाक हसली, पण साहेब हसले नाहीत. त्यांना विषय समजला होता. त्या दिवसापासून ते तिच्याकडून एकेक गोष्ट शिकत गेले आणि आपल्या भाषेत बसवत गेले. जमिनीकडून समुद्राकडे वारा असला की लाटेचा उतार नीट उभा राहतो. हा रस्ता गुळगुळीत. समुद्राकडून जमिनीकडे असला की सगळं विस्कटतं. हा रस्ता खणलेला. पाण्याखाली वाळूचा उंचवटा असतो, त्याला लाटेचे पाय अडखळतात म्हणून ती फुटते, हा गतिरोधक. भरती जास्त झाली की तो बुडतो आणि लाटा तशाच पुढे निघून जातात. आणि जिथे पाणी काळसर, शांत दिसतं, लाटा फुटतच नाहीत, तिथे नवखा माणूस हमखास उतरतो, कारण त्याला ती जागा सुरक्षित वाटते. तीच वन-वे. आत आलेलं सगळं पाणी तिथून परत समुद्रात पळत असतं आणि आपल्यालाही घेऊन जातं. जाणकार मुलं आत जायला तीच वाट वापरतात, फुकटात.

एवढं सगळं ठाऊक, आणि साहेब पाण्यात गुडघ्याच्या वर कधी गेले नव्हते. पोहता येत नव्हतं हे एक. दुसरं ते स्वतःच सांगत, "ज्याला ब्रेक नाही त्या वाहनावर आपण चढत नाही."

असे दिवस जात असताना बाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती दूर, समुद्रापासून पार आत, एका थंड गावात राहत होती. घर मोठं, माणसं नाहीत. ताई, तू ये, कायमची ये, भावोजींनाही घेऊन ये, असं ती म्हणत होती. बाईंनी फोन ठेवला आणि टेबलाशी येऊन सांगितलं.

साहेब कपात बघत म्हणाले, "मला समुद्र सोडून करमायचं नाही. तू जा की."

"जाते की," बाई म्हणाल्या.

आता यात खरं काय होतं ते सांगून टाकतो, उगाच लपवण्यात अर्थ नाही. बाईंनी 'जाऊ नकोस' हे ऐकायला मिळेल म्हणून सांगितलं होतं. साहेबांना 'तुम्हाला सोडून कशी जाऊ' हे ऐकायचं होतं, म्हणून ते 'जा' म्हणाले होते. दोघांनाही हवं ते मिळालं नाही आणि पुढच्या महिन्याअखेरीचं जाणं ठरून गेलं. थांब म्हणायचा अधिकार आपला नव्हेच, तो कायम मागच्या माणसाचा, हे साहेबांच्या हाडात इतकं मुरलं होतं की तोंड उघडून 'जाऊ नकोस' हे दोन शब्द बोलता येतात, हेच त्यांना सुचलं नाही.

दोन दिवसांनी साहेब चष्मा घरी विसरून गेले. बाई तो द्यायला समुद्रावर आल्या, तर साहेब कठड्यावर उभं राहून चार तरुण पोरांना समुद्र समजावून सांगत होते. "ती बघा, ती मागची, डाव्या अंगाला फुटणार!" पोरं मन लावून ऐकत होती.

"अहो," बाई म्हणाल्या, "ती लाट नाही. ती होडी आहे."

पोरं हसून फुटली. साहेबांनी चष्मा लावला, होडीकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "होडीच्या मागची म्हणत होतो मी."

"काका, एवढं येतं तर एकदा उतराच ना," एक पोरगा म्हणाला. साहेबांनी गुडघा चोळायला सुरुवात केली. हा गुडघा गरज पडेल तेव्हाच दुखत असे आणि बाईंना त्याचं वेळापत्रक पाठ होतं. नवऱ्याला चारचौघांत हसावं तर आपण हसावं, परक्या पोरांनी का म्हणून? त्यांचं डोकं फिरलं.

"मी उतरते," त्या म्हणाल्या.

बाईंना पोहता येत होतं, लहानपणी नदीत शिकल्या होत्या. पांढऱ्या नाकाने त्यांना रबरी सूट दिला. तो चढवायला बाई, पांढरं नाक आणि सामान भाड्याने देणारी दुसरी एक मुलगी, अशा तिघी खोलीत शिरल्या आणि आतून बराच वेळ असे आवाज येत राहिले की जणू कपाट जिन्यावरून उतरवताहेत. बाहेर आल्या त्या बाई लालबुंद होत्या. "श्वास घ्यायचा कुठून?" एवढंच त्यांनी विचारलं.

पण पाण्यात गेल्यावर चमत्कार झाला. नवखा माणूस फळीवर उभा राहायला आठवडे घेतो. बाई दुसऱ्याच प्रयत्नात उभ्या राहिल्या आणि उभ्याच राहिल्या. गुडघे जरासे वाकलेले, पाय तिरके, हात कशाला न धरता पोटाशी. ज्या बाईने अख्खी नोकरी कचकन ब्रेक लागणाऱ्या गाडीत, सुट्ट्या पैशांवरून भांडत, तोल सांभाळत काढली, तिला ही फळी काय हलवणार? पांढऱ्या नाकाने तोंडावर हात ठेवला. "काकू, हात पोटाशी का?"

"तिकिटाची पेटी असते इथे," बाई म्हणाल्या आणि पाण्यात आडव्या झाल्या, कारण लाट संपली होती.

दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊन आल्या. तिसऱ्याही. घोटाळा एकच होता. बाईंना लाट निवडता येत नव्हती. येईल ती पकडायची, एकही रिकामी सोडायची नाही, हा कंडक्टरचा बाणा. सगळीकडून कोसळणारी असो, अर्धी फुटलेली असो, बाई चढल्याच. मग समुद्र त्यांना उलटंपालटं करून, नाकातोंडात वाळू भरून, किनाऱ्यावर आणून ठेवी. शिवाय खोल पाण्यात बसून त्या इतरांची व्यवस्थाही बघत. "ए निळ्या टोपीवाल्या, एका लाटेवर एकच! तू थांब. मागची रिकामी येते आहे!" हे वाक्य बाईंनी बसच्या दारात उभं राहून हजारो लोकांना ऐकवलं होतं, आणि ते धादांत खोटं असे. समुद्रात मात्र मागची खरोखरच रिकामी येत असे. पोरं त्यांना फार मानू लागली.

कठड्यावरून साहेबांना हे बघवेना. उंचावरून त्यांना लांबवरची काळी रेघ दिसे, बाईंना पाण्याच्या पातळीवरून जवळ आलेली एकच लाट तेवढी दिसे. शेवटी त्यांनी पांढऱ्या नाकाची शिट्टी मागून घेतली आणि बाईंना म्हणाले, "मी इथून सांगतो. सिंगल म्हणजे सोड. डबल म्हणजे घे."

"मला माहीत आहे सिंगल-डबल म्हणजे काय," बाई म्हणाल्या. "मलाच शिकवा."

पहिल्या सकाळी जे झालं ते असं. बाई आत जाऊन फळीवर बसल्या, समुद्राकडे तोंड, किनाऱ्याकडे पाठ. साहेब कठड्यावर, शिट्टी तोंडात. लांब रेघ उठली. साहेबांनी ओळखली, पहिली सोडायची, दुसरी घ्यायची. पहिली गेली. दुसरी आली, उभी राहिली, डावीकडून सुबक फुटायला लागली, आणि साहेब वाट बघत राहिले. कशाची? तर बाईंच्या डबलची! इतक्या वर्षांची सवय, गाडी हलायची तर घंटी मागून यायला हवी. लाट निघून गेली. तिसरी गेली. पूर्ण रांग रिकामी गेली.

"अहो! झोपलात का?" बाई आतून ओरडल्या.

साहेबांनी दचकून शिट्टी फुंकली. डबल. बाईंनी निमूटपणे फळी वळवली, तर मागे लाट नव्हतीच.

त्या दिवशी घरी जे भांडण झालं, त्याला तोड नाही. निवृत्तीनंतरचं पहिलं भांडण. "तुम्ही उशिरा वाजवलीत." "तू उशिरा वळलीस." "तुम्ही जन्मभर गाडी उशिरा हलवलीत, मी बोलले कधी?" "रोज बोलायचीस!" "ते प्रवाशांना बोलायचे, तुम्हाला नाही." साहेबांनी पलंगावरची चादर ओढली, बाईंच्या हातात दोन टोकं दिली, दोन आपण धरली आणि लाट कशी एका कडेने फुटत जाते ते चादर झटकून दाखवलं. बाई म्हणाल्या, असं नाही, आतून वेगळं वाटतं. त्यांनी झटकून दाखवलं. दिव्याच्या बल्बला चादर लागून तो फुटला. अंधारात दोघं हसत सुटली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला काठी ठोकली, तरी थांबेनात.

मग टेबलाशी बोलणी संपेनाशी झाली. चहा निवून जाई. साखरेचा डबा म्हणजे वाळूचा उंचवटा, चमचा म्हणजे बाई, आणि साहेबांचा चष्मा म्हणजे साहेब. बोलता बोलता एकमेकांच्या तोंडाकडे सरळ बघितलं जाई आणि ते कुणाच्या लक्षातही येत नसे. एवढं सगळं होऊनही पलंगाखालची बॅग रोज थोडी थोडी भरली जात होती, कारण ठरलेलं मोडायचं तर कुणीतरी तसं म्हणायला हवं होतं.

एका संध्याकाळी स्वेटर घडी करताना बाई म्हणाल्या, "एकच राहिलं. एक लाट अगदी मागून उचललेली, वाळूपर्यंत. मधे न पडता. तेवढी मिळाली की मी सुखाने जाईन."

साहेबांनी त्यातलं 'जाईन' तेवढंच ऐकलं. आणि दुसऱ्या सकाळपासून त्यांनी असं काही सुरू केलं, जे त्यांच्या नोकरीत त्यांच्याकडून कधीही झालं नव्हतं. त्यांनी गाडी मुद्दाम अडवून धरली.

चांगली लाट दिसली की सिंगल. फुसकी दिसली की डबल. बाईंनी फुसकी घ्यावी, अर्ध्यात ती विरावी, बाईंनी चरफडत परत आत जावं. पुन्हा सिंगल, पुन्हा डबल. जोपर्यंत ती लाट मिळत नाही तोपर्यंत बाई सुखाने जात नाहीत, आणि सुखाने जात नाहीत तर जातच नाहीत, असा साहेबांचा सरळ हिशेब. रात्री त्यांना झोप लागत नसे. बाई इतक्या विश्वासाने वळायच्या, मागे एकदाही न बघता, की शिट्टी फुंकताना साहेबांचे कान गरम व्हायचे. तरी ते फुंकायचे.

जायच्या आदल्या दिवशी समुद्राने कमाल केली. रात्रभर वारा जमिनीकडून वाहिला होता, ओहोटी अर्ध्यावर होती, आणि लाटा अशा येत होत्या की पांढऱ्या नाकाने शिकवणी बंद करून सगळ्या मुलांना नुसतं बघायला बसवलं. एकेक लाट लांबून सावकाश चढायची, क्षणभर उभी राहायची आणि डाव्या टोकापासून उलगडत थेट वाळूपर्यंत यायची.

साहेबांनी सिंगल दिली. पुन्हा सिंगल. पुन्हा.

पांढरं नाक कठड्याशी आली. "काका, ही का सोडली? ही तर सोन्यासारखी होती."

"मागची रिकामी आहे," साहेब म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला.

मागची आली. तिलाही सिंगल.

या वेळी बाई वळल्या. लाट घ्यायला नाही, किनाऱ्याकडे बघायला. लाट त्यांच्या फळीखालून निघून गेली, तिची पाठ त्यांनी पाहिली, डावीकडून ती कशी फुटत गेली तेही पाहिलं. मग पोटावर आडव्या होऊन हातांनी पाणी मारत त्या सरळ बाहेर आल्या, फळी वाळूत टाकली आणि निथळत कठड्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. विनातिकीट प्रवासी ओळखण्यात ज्या बाईचं आयुष्य गेलं, तिला समोरच्याच्या तोंडावरून काय ते कळायला वेळ लागत नाही.

"ड्रायव्हर," त्या म्हणाल्या, "गाडी कधीपासून अडवून ठेवली आहे?"

साहेबांनी शिट्टी तोंडातून काढली. खोटं बोलायचं तर त्यांना पाठ फिरवावी लागायची आणि बाई तर अगदी समोर उभ्या होत्या. "आठवडा झाला."

"का?"

"तू म्हणालीस, ती लाट मिळाली की जाईन." त्यांनी शिट्टी मुठीत धरली. "मला तू जायला नको आहेस. घरात आत्ता कुठे बोलायला लागलोय आपण. तू गेलीस तर मी त्या टेबलाशी बसणारसुद्धा नाही. जाऊ नकोस."

पांढरं नाक पटकन दुसरीकडे बघू लागली. बसवलेली मुलं मात्र उघडउघड इकडेच बघत होती, समुद्र गेला खड्ड्यात.

बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण ते लगेच रागाखाली गेलं. "म्हणजे आठवडाभर माझ्या लाटा तुम्ही खाल्ल्यात?"

"हो."

"ती परवाची, पावसानंतरची? ती लांबलचक?"

"तीही."

"ती मधे विरणारी म्हणून तुम्ही सोडायला लावलीत, असं समजून मी रात्रभर तुमचं कौतुक करत होते मनात!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की एक कुत्रा उठून पलीकडे गेला. "हे बघा. जायचं की राहायचं, ते मी ठरवीन. लाट कुठली, ते तुम्ही सांगायचं. आपापली ड्युटी करा. नीट वाजवा."

आणि फळी उचलून त्या परत गेल्या, वन-वेने, कुणाकडे न बघता.

साहेब कठड्यावर उभे राहिले. समुद्र थोडा वेळ सपाट झाला, तेवढ्यात त्यांनी देवाकडे बरंच काही मागितलं आणि त्यातलं बरंचसं परस्परविरोधी होतं. मग लांब रेघ उठली. पहिली, घाईची. सिंगल. दुसरी, जरा सगळीकडून कोसळण्याच्या बेतात. सिंगल. तिसरी त्यांनी लांबूनच ओळखली. एवढी वर्षं कठड्यावर बसून त्यांनी तिच्यासारखी पाहिली नव्हती. ही दिली की संपलं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण बाई तिथे पाठ करून, त्यांच्या शिट्टीवर कान लावून बसल्या होत्या, आणि त्या पाठीला पुन्हा फसवायची त्यांची छाती झाली नाही.

त्यांनी डोळे पुसले आणि वाजवली. डबल.

बाईंनी फळी वळवली, चार हात मारले आणि उभ्या राहिल्या. लाट डावीकडून उलगडत आली, बाई तिच्या कडेच्या जरा पुढे, गुडघे वाकलेले, हात पोटाशी. उंचवटा ओलांडल्यावर लाट जराशी बसली. सगळ्यांना वाटलं, गेल्या. बाईंनी पुढचा पाय किंचित दाबला, फळी पुढे सरकली आणि लाट पुन्हा उठली. पोरं ओरडत होती. बाई गुडघाभर पाण्यात आल्या, घोटाभर पाण्यात आल्या, फळी वाळूला घासली आणि त्या एखाद्या थांब्यावर उतराव्यात तशा उतरल्या.

साहेब धावत खाली गेले. बुटांसकट, पँटसकट, पाणी मांड्यांपर्यंत आलं तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही. "मिळाली," ते म्हणाले. "मिळाली ना? वाळूपर्यंत?" आणि ते रडत होते, कारण आता बॅग निघणार होती.

बाईंनी साहेबांकडे पाहिलंही धड नाही. त्या समुद्राकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे असे झाले होते की साहेबांना ते कुणा परक्या माणसाचे वाटले. मग त्यांनी फळी फिरवली, तिच्यावर आडव्या झाल्या आणि परत आत निघाल्या.

"अगं, कुठे?"

"अजून एक!"

"पण तू म्हणालीस, एकच..."

"काका," पांढरं नाक मागून म्हणाली, "एक पूर्ण लाट मिळाली की माणूस समुद्र सोडतो, असं तुम्हाला कुणी सांगितलं? ती मिळेपर्यंतच सोडू शकतो. मीसुद्धा इथे सुट्टीला म्हणून आले होते."

साहेब पाण्यात उभे राहून हे ऐकत होते. लाटांचं सगळं त्यांना ठाऊक होतं, फक्त हे ठाऊक नव्हतं, कारण हे कठड्यावरून दिसत नाही. आठवडाभर ते बायकोला अडवत नव्हते, घालवत होते. अशाच फुसक्या लाटा मिळत राहिल्या असत्या तर बाई उद्या खरंच बॅग उचलून गेल्या असत्या.

दुपारी बाई दमून, भुकेजून घरी आल्या, दोन कप चहा आणि निम्मा पाव संपवला, आणि टेबलाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "धाकटीला फोन तुम्ही करा."

"मी? काय सांगू?"

"खरं ते सांगा. तुम्हाला आता जमतं."

साहेबांनी नंबर फिरवला. पलीकडे धाकटी खुशीत होती, खोली झाडून घेतली म्हणाली, गाडी कितीला पोहोचते, घ्यायला येऊ का? साहेबांनी खाकरून घसा साफ केला.

"तुझी ताई येत नाही आता," ते म्हणाले. "म्हणजे, तुझ्यावर राग नाही. पण तुमच्याकडे समुद्र नाही."

मग धाकटी म्हणाली, "भावोजी, आमच्याकडे समुद्र कधीच नव्हता! हे तुम्हाला आज कळतंय?"

साहेबांनी समोर पाहिलं. बाई कानातली वाळू काढता काढता त्यांच्याकडेच बघत होत्या.

"हो," साहेब म्हणाले. "आजच कळलं."